हातमोजे अदेय

वसुली म्हटलं की लोकांना मनगटातलं कडं दिसतं,
गल्लीच्या तोंडाशी थांबलेली मोटारसायकल.
माझ्याकडे छत्री आहे, पंचिंग मशीन आहे,
आणि सहा नर्सिंग होमच्या एकशे अकरा फायली,
त्यातल्या वीसेक वाळवीचा वास येणाऱ्या.

गोवंडीत डॉक्टर झुलेखा इनामदारांचं
बारा खाटांचं प्रसूतिगृह होतं.
लिंक रोड झाला आणि ते हाडांचं झालं.
"आमची स्पेशालिटी रस्त्याने ठरवली," बाई म्हणतात.
रात्री दोनला टेम्पो ज्याला उडवतो
त्याला आधी आत घेतात.
अनामत, आधार, नातेवाईक, ते सगळं नंतर.
त्या नंतरचं मी बघतो.

कायदा तसा मोठ्या मनाचा.
म्हणतो, चूक कुणाची ते विचारू नका,
माणूस रस्त्यावर पडला, एवढं पुरे.
फोर्टातल्या चौथ्या मजल्यावर मात्र
चुकीशिवाय पान हलत नाही.
डिस्चार्ज कार्डावरचा शिक्का तिरका.
मांडीतल्या सळईचं स्टिकर झेरॉक्समध्ये काळं.
एमएलसी नंबरातला सात एकासारखा.
टेम्पोची चूक विचारायची नव्हती,
म्हणून बहुधा सगळ्यांनी मिळून
कागदाची शोधली.

जनार्दन भिकू घाणेकर.
पोलीस ठाण्यात त्याचा रफार
एक अक्षर अलीकडे पडला: जर्नादन.
एक लाख चौऱ्याऐंशी हजार रुपये
त्या आकड्याला लोंबकळत राहिले,
तीन वर्षं.

तीन वर्षं मी त्या काउंटरवर इनवर्डचा शिक्का मारून घेतला.
तिथल्या सावे साहेबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं,
मग त्यांची बदली झाली,
मग नव्या बाईंनी पहिल्यापासून सगळं मागितलं.
इकडे ऑक्सिजनवाल्याने उधारी बंद केली.
डॉक्टरबाईंनी गाडी विकली, हे त्या बोलल्या नाहीत,
मला कळलं ते गाडीच्या जागी ठेवलेल्या
कढीपत्त्याच्या कुंडीवरून.

प्रतिज्ञापत्रावर सही हवी म्हणून मी त्याला हुडकला,
मानखुर्दला, मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात.
मला बघून, खरं तर फाइल बघून,
तो उठून उभा राहिला,
आधी दुखऱ्याच पायावर.
"थोडे थोडे करून फेडतो," म्हणाला.
"बाईंना कुठल्या तोंडाने भेटू?
दवाखाना लागू नये म्हणून
शाळेमागून वळसा घालून जातो मी."
मी सांगितलं, अरे, हे देणं तुझं नाही.
त्याने ते मला परत सांगायला लावलं.
मग हात पुसून त्याने दोन सह्या केल्या,
एक बरोबर नावाची, एक चुकीच्या,
खाली टाइप केलेलं: हे दोघेही मीच.

मार्च संपता संपता पैसे आले.
सोबत कपातीची यादी:
हातमोजे अदेय. सेहेचाळीस जोड.
कापूस अदेय.
सुई टोचली ती देय,
पुसून घेतलं ते अदेय.
बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं.
"पुढच्या वेळी उघड्या हातांनी करू का?"
हसल्या नाहीत.
माझे आठ टक्के त्यांनी पाकिटात घालून दिले.
मी नको म्हणालो नाही.
मुलीची फी होती, आणि इतर काही.

परवा जनार्दन समोरच्या रस्त्यानेच आला,
काखेत कुणाचा तरी मिक्सर.
सिस्टर फिलोमिना दारात उभी होती.
त्याने हात जोडले, ते तिने पाहिलेच नाहीत,
ती पायाकडे बघत होती.
"पाऊल अजून बाहेर टाकतोस," म्हणाली.
"मिक्सर ठेव तिकडे.
चालून दाखव."